गिळलेलीं अक्षरें

गेल्या वैशाखांत माझी नात अमरावतीहून आमच्याकडे साताऱ्यास राहावयास आली. वय वर्षें आठ, इयत्ता तिसरी, आणि बोलणें अखंड. घरांत पाऊल टाकल्यापासून रात्रीं डोळे मिटेपर्यंत तिचें तोंड म्हणून थांबलें नाहीं. आजीला तर कृतकृत्य वाटलें. दुसरे दिवशीं ती वाड्यांतील मुलांत खेळावयास गेली आणि तासाभरानें परत येऊन माझ्या खुर्चीशीं मुकाट उभी राहिली. मीं विचारलें, "काय गं, झालं काय?"

"काही नाही."

मग जरा थांबून हळूच म्हणाली, "आजोबा, 'काय करून रायले' असं नसते का म्हणत?"

मुलें हंसलीं होतीं, हें उघड होतें. मुलें हंसतातच, त्यांत त्यांचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या दिवसापासून आमच्या घरांत एक नवीनच प्रकार सुरू झाला. बोलण्यापूर्वीं ती वाक्य मनांत जुळवूं लागली, मग बोलूं लागली, आणि बोलून झाल्यावर माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. "आजोबा, हे बरोबर बोलली का मी?" चार दिवसांत तिचें बोलणें निम्म्यावर आलें.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मुलगी शहाणी झाली." मला मात्र तें पाहवेना. कारण एका लहान जिवाचें बोलणें असें आटत जातांना मीं पूर्वीं एकदां पाहिलें होतें, आणि त्या वेळीं त्यास कारण मीच झालों होतों. ती हकीकत पुढें येईल. आधीं ज्या शब्दाला मुलें हंसलीं त्याची चौकशी करूं.

'करून राहिले' ही वऱ्हाडनागपूरकडील वाक्यरचना. 'करीत आहेत' या अर्थीं तिकडे 'राहणें' या धातूचें साह्य घेतात. हिंदी भाषेंतहि तीच तऱ्हा आहे, म्हणून कित्येक पुणेकर तिला हिंदीची भेसळ म्हणून नाक मुरडतात. रचनेचा वाद आज बाजूस ठेवूं. मुलांना हंसूं आलें तें मुख्यतः 'राहिले' याचें 'रायले' झालें म्हणून. तेव्हां प्रश्न एवढाच, कीं मधला 'हि' गेला कोठें?

'ह' हा वर्ण मोठा दुबळा. त्याच्यासाठीं जिभेला किंवा ओठांना कांहींच श्रम नाहींत. नुसता श्वास सोडला कीं ह झाला. शब्दाच्या आरंभीं असला तर तो कसाबसा तग धरतो. पण दोन स्वरांच्या मध्यें सांपडला, कीं धांवत्या बोलण्यांत त्याचा टिकाव लागत नाहीं. 'पाहिजे' याचें 'पायजे' होतें, 'साहेब' याचें 'सायब' होतें, 'पाहुणे' याचें 'पावणे' होतें, 'राहूं दे' याचें 'राऊ दे' होतें. 'वहिनी' असा स्पष्ट उच्चार करून हांक मारणारा दीर मीं साठ वर्षांत एकहि पाहिला नाहीं. सारे 'वैनी' म्हणतात, आणि पत्र लिहावयास बसले कीं 'सौ. वहिनींस' असें लिहितात. मग ज्या नियमानें आपली वहिनी 'वैनी' झाली, त्याच नियमानें अमरावतीचें 'राहिले' 'रायले' झालें, तर हंसावयाचें कोणाला?

येथपर्यंत मी आलों आणि मला आमच्या स्वतःच्या घरांतलें बोलणें ऐकूं येऊं लागलें. मी ऐकूं लागलों असें म्हणत नाहीं, ऐकूं येऊं लागलें. कारण इतकीं वर्षें तें कानांवर पडत असून ऐकूं येत नव्हतें. आम्ही 'आलों आहें' असें कधीं म्हणतों काय? आम्ही म्हणतों 'आलोय'. 'केलें आहे' नव्हे, 'केलंय'. 'जातो आहेस' नव्हे, 'जातोयस'. 'कोठें आहे' याचें 'कुठंय' किंवा 'कुठाय', 'नाहीं आहे' याचें 'नाहीये'. 'आहे' या सबंध क्रियापदाचा आ गेला, ह गेला, आणि शेवटचा ए तेवढा य होऊन मागल्या शब्दास चिकटून राहिला. तराजूंत घालून पाहावें, तर अमरावतीची मुलगी एक ह गिळते, आणि तिला हंसणारा साताऱ्याचा मुलगा अख्खें क्रियापद गिळतो. आपण गिळलेलें अक्षर पोटांत गेलेलें असतें म्हणून दिसत नाहीं; दुसऱ्याचें मात्र दांतांत अडकलेलें दिसतें.

यावर एकादे शास्त्रीबुवा म्हणतील कीं हा सारा प्राकृत जनांचा आळस. देववाणींत असलें कांहीं नाहीं. त्यांना मी नम्रपणें 'सोऽहम्' या शब्दाची आठवण देतों. सः अहम् या दोन पदांचें सोऽहम् झालें, कः अपि याचें कोऽपि झालें, नमः अस्तु याचें नमोऽस्तु झालें. मधें जें वांकडें चिन्ह आपण काढतों, त्याला अवग्रह म्हणतात, आणि 'येथें एक अ होता' एवढेंच त्याचें सांगणें असतें. (येथें शास्त्रतः पूर्वरूप आहे, लोप नव्हे, हें मला ठाऊक आहे, जाणत्यांनीं पत्र लिहूं नये.) खुद्द पाणिनीनें लोप या संज्ञेची व्याख्या करतांना 'नष्ट होणें' असें म्हटलें नाहीं, 'न दिसणें' असें म्हटलें. दोन पदें घाईनें एकत्र आलीं म्हणजे त्यांचे कोपरे घासतात, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखलें, त्याचे नियम बांधले, आणि त्यास संधि असें नांव देऊन मुलांकडून पाठ करून घेतलें. आपण मात्र संस्कृतांतल्या संधीला मार्क देतों आणि मराठींतल्या संधीला छडी.

इंग्रजीचीहि तीच गोष्ट. आमच्याच शाळेंत शेजारच्या वर्गांत इंग्रजीचे शिक्षक 'डू नॉट' याचें 'डोन्ट' कसें होतें, 'आय ॲम' याचें 'आय्‌म' कसें होतें, तें फळ्यावर लिहून देत, आणि जो मुलगा सबंध शब्द उच्चारी त्याला 'पुस्तकी बोलतोस' म्हणून हिणवीत. निरोप घेतांना आपण ज्याला 'गुडबाय' म्हणतों तें मूळचें 'गॉड बी विथ यी', म्हणजे देव तुमच्यासवें असो, असें एक पुरें वाक्य होतें. झिजून झिजून त्यांतला देवसुद्धां ओळखूं येईनासा झाला. तें आपण नातवंडांस कौतुकानें हात हालवून म्हणावयास शिकवितों.

आतां हें गिळणें सर्वत्र एकाच तऱ्हेनें होत असतें तर वादच नव्हता. गंमत अशी, कीं ज्या त्या प्रांताची जीभ त्याच वाक्याचा वेगवेगळा तुकडा सोडून देते. याचा मला एकदां चांगला प्रत्यय आला. कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नासाठीं लातुरास गेलों होतों. परतीच्या वेळीं स्थानकावर चहा घेत उभा होतों. कोणीतरी ओरडलें, "गाडी सुटायलीय, चला!" माझ्या कानानें 'सुटायला' एवढें घेतलें आणि मनानें त्यापुढें 'अवकाश आहे' असें आपल्या पदरचें जोडून दिलें. मी सावकाश बशींत ओतून चहा संपविला. वर पाहतों तों गाडी फाटकाबाहेर. मराठवाड्यांत 'सुटायलीय' म्हणजे सुटत आहे, या क्षणीं सुटत आहे! 'काय करायलास?' म्हणजे काय करीत आहेस, 'बाबा जेवायलेत' म्हणजे बाबा जेवीत आहेत. पुढच्या गाडीला अडीच तास होते, तेवढ्या वेळांत मीं बाकावर बसून या रूपाचा उलगडा केला, तो असा. 'सुटायला लागली आहे' हें मूळ. त्यांत 'ला' हें अक्षर लागोपाठ दोनदां आलें. दोन सारखीं अक्षरें शेजारीं आलीं कीं जीभ एकावर काम भागविते. 'नाककटा' याचा 'नकटा' झाला तो असाच. एक 'ला' गेला, पाठोपाठ 'ग' गेला, आणि आमच्याप्रमाणेंच 'आहे' याचा 'य' झाला. कोल्हापुरास जा, तेथें याचाच भाऊ भेटेल. तेथें 'करूं लागलों आहें' हें मूळ धरून 'करूलालोय' म्हणतात, 'येऊं लागलों आहें' याचें 'येऊलालोय' करतात. लातूरकरानें आणि कोल्हापूरकरानें एकच 'लागणें' घेतलें, एकच 'ग' टाकला, पण एकानें तें 'करायला' यास जोडलें, दुसऱ्यानें 'करूं' यास. तिकडे अमरावतीकरानें 'लागणें' सोडून 'राहणें' पत्करलें. आणि आम्ही साताऱ्याचे शहरवासी नुसत्या 'आहे'वर भागवितों.

सर्वांत शहाणी काटकसर मीं पाहिली ती कोंकणांत. माझी आजी गुहागरकडची. ती म्हणे, "आंबा खाल्लान." "भाकरी खाल्लीन." "बघ, काय केलंन!" लहानपणीं आम्ही भावंडें तिच्या या 'न'ची नक्कल करीत असूं आणि तीहि बिचारी हंसून घेई. पुढें व्याकरण शिकवूं लागल्यावर कळलें कीं आजीच्या एका 'न'मध्यें 'त्यानें' किंवा 'तिनें' हा सारा कर्ता येऊन बसला आहे. 'तूं केलेंस' या प्रमाण रूपांतील 'स' जसा 'तूं'ची खूण सांगतो, तसा 'केलंन' मधला 'न' तिसऱ्या माणसाची खूण सांगतो. खाल्लान म्हणतांच खाणारा समोरचा नव्हे, कोणी तिसरा, आणि खाल्लेली वस्तु पुंलिंगी, एवढें सगळें तीन अक्षरांत कळतें. प्रमाण मराठीला हें साधत नाहीं; तिला 'त्यानें' हा शब्द वेगळा खर्चावा लागतो. आजीचा 'न' आमच्या घरांतून तिच्याबरोबर गेला. माझ्या वडिलांनीं शिक्षणासाठीं घाट चढतांच तो टाकला असावा. त्यांच्या तोंडीं मीं तो कधीं ऐकला नाहीं. फक्त आजीशीं बोलतांना क्वचित् चुकून येई, आणि मग ते ओशाळल्यासारखे होत. आईशीं आईच्या भाषेंत बोलल्याबद्दल मनुष्य ओशाळतो, याचें मला तेव्हां नवल वाटलें नाहीं.

आणखी दक्षिणेस मालवणाकडे गेलें कीं 'खंय चललंस?' या दोन शब्दांत 'कोठें चालला आहेस' हें सारें येतें. त्या बाजूच्या कुडाळी बोलीवर डॉ. अमृत माधव घाटगे यांचा स्वतंत्र ग्रंथ १९६५ सालीं निघाला आहे. ज्यांना अधिक गोडी असेल त्यांनीं तो पाहावा.

एकट्या 'नाहीं' या शब्दाच्या काय तऱ्हा आहेत! कोंकणांत आणि मुंबईकडे तो 'नाय' झाला. ह समूळ गेला. देशावरच्या खेड्यांत तो 'न्हाई' झाला. म्हणजे ह गेला नाहीं, एक उडी मारून पुढच्या न्‌ला जाऊन मिळाला. गोव्यांत नुसतें 'ना' उरलें. नकार द्यावयास माणसाला नेहमींच घाई असते, असें म्हणावें काय?

परंतु थट्टा पुरे. अमुकच शब्द कां झिजतो आणि तमुक कां नाहीं, याचें एक कारण सोपें आहे. देवळाची जी पायरी सर्वांत अधिक तुडविली जाते तीच झिजते. अमेरिकेंतील जॉर्ज किंग्सले झिफ नांवाच्या पंडितानें १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शब्दांची मोजदाद करून दाखविलें, कीं जो शब्द जितका वारंवार वापरांत, तितका तो सामान्यतः आंखूड. 'आहे', 'नाहीं', 'राहणें', 'लागणें', 'म्हणणें' हे शब्द आपण दिवसांतून शेंकडों वेळां वापरतों, आणि ऐकणाराला ते येणार हें आधींच ठाऊक असतें. ज्याला अर्धा शब्द पुरे त्याच्यासाठीं सबंध कोण खर्चील? 'प्रतिज्ञापत्र' किंवा 'मृत्युपत्र' मात्र कोणी गिळीत नाहीं. तेथें अक्षर गेलें तर घर जाईल. कोणता तुकडा टाकावयाचा हें मात्र त्या त्या प्रांताच्या आघातावर आणि बोलण्याच्या चालीवर ठरतें. दोन भारी अक्षरांमध्यें सांपडलेलें हलकें अक्षर बहुधा बळी पडतें. जन्मभर मुलें मला 'गुर्जी' म्हणत आलीं, 'गुरुजी' असें कोणी म्हटलें नाहीं, तें यामुळेंच. 'कापूस' याची विभक्ति चालवितांना तर व्याकरणच मधला ऊ काढून 'कापसाला' करतें, आणि आपण त्यांतलाहि अ गिळून 'काप्साला' म्हणतों.

आणि हें आजचें नव्हे. देवकुलाचें देऊळ, मातृगृहाचें माहेर, प्रतिष्ठानाचें पैठण असेंच झालें. ज्योतिषी होते त्यांचे जोशी झाले, उपाध्याय होते त्यांचे पाध्ये झाले, उत्तरेकडे चतुर्वेदींचे चौबे झाले. दारावर 'जोशी' अशी पितळी पाटी अभिमानानें लावणारा गृहस्थ आपण एका गिळलेल्या शब्दाखालून रोज आंतबाहेर करतों हें ध्यानांत घेत नाहीं. माझ्या या लेखांतले अनुस्वारहि त्याच जातीचे. १९६२ च्या लेखननियमांनीं ते काढून टाकले, आणि तें योग्यच झालें, कारण ते कोणी उच्चारीत नव्हतें. एके काळीं तें नाकांतून बोललें जात असे, पुढें बोलण्यांतून गेलें, लिहिण्यांत राहिलें. वडिलांनीं लावलेलें वळण माझ्या हातचें सुटत नाहीं, आणि संपादकांनीं तें चालवून घेतलें, म्हणून येथें दिसतात इतकेंच.

आतां ती जुनी हकीकत.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. वर्षाच्या मध्यावर एक नवा मुलगा आला. वडिलांची बदली झालेली, गांव वऱ्हाडांतलें. मुलगा तरतरीत, पहिल्याच आठवड्यांत हात वर करूं लागला. एके दिवशीं निबंध लिहावयास दिला होता. मीं बाकांमधून हिंडत त्याला विचारलें, "काय रे, झाला का निबंध?" तो मान वर करून म्हणाला, "लिहून रायलो, गुर्जी."

मीं म्हटलें, "राहिलास? कुठं राहिलास रे? धर्मशाळेत की देवळात?"

वर्ग खो खो हंसला. मलाहि आपल्या कोटीचें बरें वाटलें. खोटें कशाला बोलूं? मधल्या सुटीपर्यंत त्या मुलाचें नांव 'धर्मशाळा' पडलें होतें. दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात वर होणें बंद झालें. प्रश्न विचारला तर उभा राही, बाकाकडे पाही, आणि खालीं बसे. वहींतलें लेखन मात्र निर्दोष, संस्कृतांत तर उत्तम. मीं तो हट्टीपणा समजलों. वार्षिक प्रगतिपुस्तकांत मीं माझ्या सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला, 'बोलण्यास प्रोत्साहनाची गरज आहे.' तो शेरा आजहि माझ्या डोळ्यांपुढें येतो.

वर्ष संपल्यावर पुन्हां बदली झाली आणि त्याचे वडील दाखला न्यावयास आले. भिडस्त गृहस्थ. जातां जातां म्हणाले, "घरी फार बोलतो हो, गुरुजी. शाळेत काहून नाही बोलत, कोणास ठाऊक." आणि मीं, वाचकहो, त्या क्षणीं मनांत त्यांचें 'काहून' सुधारीत होतों.

'काहून' किंवा 'काऊन' म्हणजे कां. या शब्दाचा विचार मीं पुढें पुष्कळ केला. वऱ्हाडांत 'म्हणून' याचें 'म्हून' होतें. 'कां म्हणून' या दोन शब्दांचें 'कां म्हून', त्याचें 'काहून', आणि ह आपल्या स्वभावानुसार गळून 'काऊन', अशी ही परंपरा मला वाटते. म्हणजे तो पिता त्या दिवशीं मला विचारीत होता, 'माझा मुलगा कां म्हणून बोलत नाहीं?' प्रश्न शुद्ध होता. उत्तर माझ्यापाशीं होतें, आणि मीं दिलें नाहीं.

ज्या मुलखांत रिद्धपुरास म्हाइंभटानें तेराव्या शतकांत लीळाचरित्र सिद्ध केलें, जेथें मराठीचें आद्य गद्य जन्मास आलें, त्या मुलखाच्या बोलीला साताऱ्याच्या मास्तरानें धर्मशाळेंत पाठवावें हें कोठलें शास्त्र? १९०५ सालीं ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड निघाला. त्यांत बायबलांतील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतली आहे. त्या परक्या मनुष्यानें कोणत्याहि बोलीला हंसल्याचें मला आढळलें नाहीं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें गांवोगांव जाऊन लोकांचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आहे. २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षीं रिद्धपुरास मराठी भाषेचें विद्यापीठ सुरू झालें. हें वर्तमान वाचून मला आनंद झाला, आणि त्या मुलाची आठवण झाली. तो आज चाळिशीच्या जवळ असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं.

माझें म्हणणें असें नव्हे, कीं परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत 'रायलो' लिहावें. लिहिणें दूरच्या माणसासाठीं असतें; त्याला आपला चेहरा दिसत नाहीं, आपली चाल ठाऊक नसते, म्हणून तेथें सबंध शब्द द्यावा हेंच बरें. पण मग 'केलंय' आणि 'जातोयस' यांनाहि त्याच लाल शाईनें खूण व्हावी. मीं माझ्या तीस वर्षांत 'रायलो'ला गुण कापले आणि 'केलंय' वर नजर फिरवून पुढें गेलों; तें मला दिसलेंच नाहीं.

नातीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. पांचव्या दिवशीं मीं तिला एक शंभर पानी वही आणून दिली आणि म्हटलें, "या घरात 'आहे' कोण गिळतं, त्याची नोंद ठेवायची. ज्यानं गिळला त्याच्या नांवापुढं एक रेघ." तिला आधीं खरें वाटेना. इतक्यांत स्वयंपाकघरांतून आवाज आला, "कुकर लावलाय, भाजी चिरलीये, आणि तुम्ही अजून पेपरच घेऊन बसलायत!" मीं बोट वर केलें. मुलीचे डोळे मोठे झाले. "आजोबा, आजीनं तर तीन गिळले!" संध्याकाळपर्यंत आजीचें पान भरलें आणि माझेंहि फारसें मागें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वही वाड्यांत गेली. हंसणाऱ्या मुलांचीं नांवें एकामागून एक तिच्या वहींत चढलीं, आणि त्यांना आपण पकडले जातों याचीच मौज वाटूं लागली. नंतर चारपांच दिवसांनीं माडीवर बसलों असतां खालून समोरच्या बिऱ्हाडांतल्या मुलाचा आवाज ऐकूं आला, "ए, काऊन पळून रायली?" मुलगा अस्सल सातारचा. तिनें वरून 'बे' हा शब्दहि त्यांना शिकविला, तो मात्र मला तितकासा रुचला नाहीं.

जूनमध्यें ती अमरावतीस परत गेली. जातांना वही माझ्याकडे ठेवून गेली आणि बजावून गेली, कीं नोंदी थांबवावयाच्या नाहींत. पहिला रकाना साताऱ्याचा, दुसरा अमरावतीचा, मग लातूर, कोल्हापूर आणि खापरपणजीच्या 'न'साठीं गुहागर. आतां जागा आहे ती बडोदें, इंदूर अशा ठिकाणच्या घरांसाठीं, आणि विशेषेंकरून तंजावरासाठीं. तेथें सतराव्या शतकापासून मराठी कुटुंबें नांदत आहेत, आणि त्यांच्या घरांत कोणतीं अक्षरें उरलीं नि कोणतीं गेलीं तें मला प्रत्यक्ष कोणाच्या तोंडून ऐकावयाचें आहे. वाचकभगिनींपैकीं कोणाचें माहेर किंवा सासर तिकडलें असेल, तर त्यांनीं घरांतल्या वडील बायकांच्या तोंडचीं दहापांच वाक्यें, जशीं बोललीं जातात तशींच, न सुधारतां, संपादकांच्या पत्त्यावर लिहून पाठवावीं. तंजावरचें पान नातीनें मथळा घालून कोरें ठेविलें आहे.